गुलाबी गाल

धंद्यातली माणसं तिला चाळणी म्हणत. तोंडावर नाही म्हणत, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही.

तिच्या वडिलांनी घरामागच्या शेडमध्ये क्लाउनफिशची पैदास सुरू केली तेव्हापासून विक्रीचे मासे निवडायचं काम तिचं. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा बोटभर मासा सगळ्यांच्या ओळखीचा. पण टाकीत जन्मलेला क्लाउनफिश नीट पारखून घ्यावा लागतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. समुद्रात एखादं पिल्लू वेडंवाकडं निपजलं तर त्याला कोणीतरी गट्ट करून टाकतं. टाकीत गट्ट करणारं कोणी नसतं. वेळेवर खायला मिळतं, पाणी गाळून मिळतं, त्यामुळे जबडा वाकडा असलेलाही जगतो आणि पाठीला बाक असलेलाही जगतो. मग दुकानाच्या निळ्या दिव्याखाली तो कोणाच्या तरी गळ्यात मारला जातो.

तिच्या शेडमधून तसा मासा बाहेर जात नसे. प्रत्येक मासा ती काचेच्या बरणीत घ्यायची आणि खिडकीशी नेऊन आधी समोरून बघायची. मासा श्वास घेतो त्या कल्ल्यांची झाकणं दोन्ही गालांवर सपाट बसली आहेत का, एक तोकडं आणि एक लांब तर नाही ना. मग तोंड पूर्ण मिटतंय का. मग पोट, पाठ, पर. पट्टे आणि रंग सगळ्यात शेवटी. वडिलांनी शिकवलं होतं ते तसंच. "रंग आधी बघितलास की बाकीचं बघायचं राहून जातं," ते म्हणायचे.

विकायचं काम तिच्या धाकट्या भावाचं. त्याला सगळे पोपट म्हणत, आणि तोही हसून ओ द्यायचा. समोरच्याला काय ऐकायचंय हे त्याला त्या माणसाच्या आधी कळायचं. गिऱ्हाईक दारात चप्पल काढेपर्यंत पोपटाने त्याच्या मुलांची नावं विचारलेली असत. बहिणीला त्याचं कौतुक होतं आणि थोडी धास्तीही होती.

या दोघांचं एक जुनं भांडण होतं. ज्या माशांचे पट्टे अर्धवट किंवा तुटके असत ते ती बाजूला काढायची. पोपटाने एकदा तेच मासे उचलले आणि "प्रत्येकाची नक्षी वेगळी, दुसरीकडे मिळणार नाही" असं सांगत सगळे खपवले. तिने घर डोक्यावर घेतलं. तेव्हा वडिलांनी एक मासा बरणीत घेतला, बराच वेळ बघितला आणि तिलाच विचारलं, "याला काही त्रास आहे का?"

"नाही," ती म्हणाली.

"मग तुझी तक्रार काय आहे?"

तक्रार नुसत्या दिसण्याची होती, हे तिने मान्य केलं. तेव्हापासून तुटक्या पट्ट्यांच्या माशांना वेगळा टब मिळाला. पोपट मात्र तो विजय खिशात घालूनच फिरायचा. कुठल्याही वादात शेवटी तो म्हणायचा, "पट्ट्यांच्या वेळीही तू असंच म्हणाली होतीस, ताई."

गेल्या वर्षी ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. बाळ अशक्त निघालं, लेकीलाही ताप येत राहिला, आणि तिचा मुक्काम लांबत गेला. इकडे सगळ्यात चांगल्या जोडीने अंडी घातली होती. निघताना तिने पोपटाला बजावलं होतं आणि फोनवरही रोज तेच सांगत होती, "पिल्लं निघाली की जास्त टबांत पसर. दाटी करू नकोस. आणि त्यांचं जिवंत खाद्य संपू देऊ नकोस, ते सुरुवातीला सारखं लागतं."

"हो गं ताई, सगळं मस्त चाललंय," पोपट म्हणायचा.

मस्त काही चाललेलं नव्हतं. अर्धे टब त्याने रिकामे करून काचवाल्याच्या दुकानात नेऊन मांडले होते. काचवाला म्हणजे टाक्या बनवणारा व्यापारी, पोपटाचा दोस्त. त्याच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि शोभा हवी होती. पिल्लं उरलेल्या टबांत कोंबली गेली. खाद्य एक दिवस असायचं, एक दिवस नसायचं. शेडमध्ये राबणारी पोपटाची बायको दोन-तीनदा बोलली, मग तिने बोलणं सोडलं.

बहीण परतली तेव्हा पिल्लं लहान होती, धावतपळत होती, आणि तिला बरं वाटलं. ती वाढली तसं कळत गेलं. एक दिवस तिने पहिला मासा बरणीत घेतला, समोरून बघितला आणि खाली ठेवला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. जवळजवळ सगळ्यांची कल्ल्यांची झाकणं तोकडी राहिली होती. गाल अर्धवट उघडे, आणि त्यांतून आतला लालभडक कल्ला दिसत होता, झाकण नसलेल्या जखमेसारखा. मासे भराभर तोंड उघडमीट करत होते. जिन्यावरून धावत आलेलं माणूस उंबऱ्यात उभं राहून धापा टाकतं, तसे. फरक इतकाच की ते कुठेही धावलेले नव्हते.

"काय केलंत तुम्ही?" तिने विचारलं.

भावजय बादली हातात घेऊन उभी होती. ती पोपटाकडे बघत राहिली. पोपट म्हणाला, "एवढं काय त्यात? थोडी दाटी झाली, खाद्य कमी पडलं. एक घाणा बिघडला. पुढचा चांगला येईल."

"घाणा? भजी तळतोस का रे तू?"

"मुद्दाम केलं का मी? तू नव्हतीस, माझा एकट्याचा जीव किती?"

ती भांडली, रडली, मग तिने सगळे मासे कोपऱ्यातल्या मोठ्या टबात सोडले, हवेची नळी दुप्पट लावली आणि सांगितलं, "हे विकायचे नाहीत. जगतील तेवढे जगतील, आपल्याकडेच जगतील." पोपट म्हणाला, "बरं."

हळूहळू त्या टबातले मासे कमी होत गेले. तिने विचारलं तेव्हा पोपटाने सांगितलं, काही मेले, काही एका शाळेला फुकट दिले, मुलांना बघायला. ती त्यावर विश्वास ठेवून मोकळी झाली. लेकीचं बाळ अजून पुरतं सुधारलं नव्हतं आणि तिचं अर्धं लक्ष फोनकडेच असायचं.

मग वार्षिक प्रदर्शन आलं. मोठं सभागृह, लांबच लांब टेबलं, टाक्यांची रांग, जमिनीवर वायरींचं जाळं. ती दरवर्षी तिथे परीक्षक असायची. यंदा परीक्षक तिघं होते: ती, माशांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई, आणि संयोजक म्हणून स्वतः काचवाला.

ती आत शिरली तोच एक निवृत्त मास्तरीणबाई तिच्याकडे लगबगीने आल्या. पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी फोन पुढे केला.

"तुम्हीच ना त्या? बरं झालं भेटलात. माझ्याकडे तुमच्याच निवडीची जोडी आहे. म्हणजे होती. आता एकच आहे. मला एवढंच विचारायचंय, हा असा सारखा धापा टाकतो, तो घाबरलेला आहे का? मी टाकीजवळ फार जाते का?"

फोनवरच्या चित्रात तो मासा होता. उघडा गाल, लाल कल्ला. खालच्या बाजूला कल्ल्याला पांढुरकं काहीतरी चिकटलेलं.

"हा तुम्हाला कोणी दिला?"

"तुमच्या भावाने. गुलाबी गाल. नवीन जात आहे ना?"

तिला आधी कळलंच नाही. मास्तरीणबाईंनी बोट दाखवलं तिकडे ती गेली. सभागृहाच्या मधोमध, सगळ्यांत उजेडाच्या जागी एक टाकी होती. टाकीत तिच्या शेडमधले मासे होते. वर सुबक अक्षरांत पाटी: गुलाबी गाल. नवी, दुर्मीळ जात. त्याखाली बारीक अक्षरांत: निवड, चाळणी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने आपलं ते टोपणनाव लिहिलेलं बघितलं होतं, आणि ते तिथे होतं. टाकीसमोर एक बाई आपल्या मुलीला उचलून दाखवत होती, "बघ, लाजतोय तो!" पोपट बाजूला नवा शर्ट घालून उभा होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच पुन्हा जागेवर आला.

"ताई, घरी बोलू," तो हळूच म्हणाला.

"शाळेला दिले होतेस ना?"

"घरी बोलू म्हटलं ना."

"माझं नाव काढ तिथून."

"लोक बघताहेत."

"बघू देत! काढ!"

काचवाला धावत आला, तिला बाजूला घेऊन गेला, गोड बोलला, पाणी मागवलं. पाणी तिने घेतलं नाही. ती परीक्षणाला निघाली. डॉक्टरीणबाईंनी टाकीसमोर वाकून एकदाच बघितलं. "तोकडी झाकणं आहेत. ही जात नाही, हे व्यंग आहे," त्या सरळ म्हणाल्या, आणि शून्य गुण लिहिले. बहिणीनेही शून्य लिहिलं, इतकं दाबून की कागद फाटला. पण नव्या जातींच्या गटात यंदा प्रेक्षकांचीही मतं धरायची असं काचवाल्याने ठरवून ठेवलं होतं, आणि त्याचे स्वतःचे गुण होतेच. प्रेक्षकांनी भरभरून मतं दिली होती. पहिला क्रमांक गुलाबी गालांना गेला.

पोपट टाळ्यांच्या गजरात मंचावर चढत होता तेव्हा ती दुसऱ्या बाजूने चढली आणि काचवाल्याच्या हातातून माइक घेतला. घेतला म्हणजे ओढलाच.

"हे मासे माझ्या शेडमधले आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता आणि त्याचाही तिला राग येत होता. "ही कसलीही जात नाही. पिल्लं असताना यांची उपासमार झाली, दाटी झाली, म्हणून यांच्या गालाचं हाड वाढलं नाही. ते लाजत नाहीत. त्यांना श्वास पुरत नाही. ज्यांनी घेतले असतील त्यांनी माझ्याकडे या. आणि ज्यांना घ्यायचे असतील त्यांनी आधी समोर उभं राहून ते किती भराभर तोंड उघडतात ते बघा."

पुढच्या रांगेतले दोघं-तिघं वळून टाकीकडे बघायला लागले. तिला वाटलं, समजलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "पण किती गोड दिसतात!" आणि हशा पिकला. तेवढी फट पोपटाला पुरली. त्याने दुसरा माइक उचलला, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आमच्या ताईचं मन फार हळवं आहे. तुटक्या पट्ट्यांच्या वेळीही ती अशीच चिडली होती. आज तेच मासे तुम्ही हौसेने घरी ठेवताय की नाही?"

"ठेवतोय!" लोक ओरडले.

तिने त्याचा हात खांद्यावरून झटकून टाकला. ते लोकांनी बघितलं आणि तेच पुढे चर्चेत राहिलं. मासे कसा श्वास घेतात ते नाही. भरल्या सभेत बहिणीने भावाचा हात कसा झटकला ते.

घरी वडील दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. आता त्यांना बरणीतला मासा नीट दिसत नसे, शेडमध्येही क्वचित जात. ते पोपटावर चिडतील अशी तिची खात्री होती. सगळं ऐकून ते तिच्यावर चिडले.

"चार लोकांत कशाला गेलीस? घरातलं घरात बोलायचं होतं."

"घरात मला खोटं सांगितलं त्याने!"

"तो चुकला. पण तू त्याची अब्रू काढलीस."

"आणि त्याने माझी पाटी करून टांगली ती? बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, आधी समोरून बघायचं? मग आता काय झालं?"

"पट्ट्यांच्या वेळी..." पोपटाने सुरुवात केली.

"पट्ट्यांचं नाव काढू नकोस!" ती इतकी जोरात ओरडली की स्वयंपाकघरातून भावजय बाहेर आली. "पट्टा म्हणजे कपडे आहेत रे. उलटे घाल, फाटके घाल, मला काय करायचंय! कल्ला म्हणजे श्वास. कोणाचा श्वास कोंडला म्हणून त्याचे गाल लाल झाले, आणि तू तिकीट लावून दाखवतोस?"

वडिलांनी हात वर केला. पोपटाला विचारलं, "तू मुद्दाम नाही केलंस ना?"

"शपथ नाही, बाबा. चुकून झालं, मग वाया का घालवायचं?"

"मग झालं. आता हा विषय बंद."

हा निवाडा तिच्या घशाखाली उतरला नाही. ती जेवली नाही, आणि जेवली नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, त्याचा आणखी वेगळा राग. नवऱ्याला सांगायला गेली तर तो म्हणाला, "जाऊ दे ना, मासेच तर आहेत." त्याच्याशीही तिने दोन दिवस अबोला धरला. तो भला माणूस, एसटीडी बूथ बंद पडल्यावर शिवणयंत्रं दुरुस्त करायला शिकलेला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

गुलाबी गालांची मागणी वाढतच गेली. फोन वाजला की पोपट अंगणात जाऊन बोलायचा. तो शेडमध्ये पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागला, आणि एका जोडीची अंडी त्याने स्वतःकडे घेतली. "ही मी वाढवतो, तू तुझी वाढव," तो म्हणाला. तिला वाटलं, शिकतोय. इतकं सगळं होऊनही तिला तसंच वाटलं, याची तिला नंतर लाज वाटली.

एका सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर शेडमध्ये आली. पोपटाच्या बाजूला पुष्कळ टब रिकामे, धुऊन पालथे घातलेले होते. आणि एका लहानशा टबात, तळ दिसू नये इतकी पिल्लं होती. पाण्यात खाद्य जवळजवळ नव्हतंच. शेजारच्या फळीवर खाद्याने भरलेली बरणी होती, हिरवट, ताजी, झाकण घट्ट लावलेली.

म्हणजे आता चुकून नव्हतं. टब होते, खाद्य होतं, आणि तरीही. तो गुलाबी गाल बनवत होता.

तिने दोन रिकामे टब सरळ केले, पाणी भरलं आणि तो गच्च टब उचलून त्यांत वाटायला निघाली. तेवढ्यात पोपट आला.

"हात लावू नकोस त्याला."

"बाजूला हो."

"माझी पिल्लं आहेत ती, ताई. मी सांगतोय, ठेव खाली."

"तुझी? तू त्यांना उपाशी मारतोयस!"

"मारत नाही. मेलेली विकता येत नाहीत, एवढं मला कळतं." त्याचा तो गोड आवाज नव्हता, हा दुसराच, कोरडा आवाज होता. "घर कशावर चालतं तुला ठाऊक आहे? तू निवडून निवडून अर्धा माल फेकतेस त्यावर नाही चालत."

त्याने टबाची एक कड धरली. तिने दुसरी. तिने ओढला. त्याने ओढला. लहानपणी एका पतंगावरून ते असेच ओढाताण करायचे, आणि तेव्हाही कोणी सोडत नसे. टब मधोमध वाकला, पाणी एका बाजूला गेलं, तिची पकड सुटली की त्याची हे पुढे दोघांनाही सांगता आलं नाही, आणि टब फरशीवर उलटा झाला.

पाणी मोरीकडे धावलं. ओल्या फरशीवर बारीक बारीक चमकणारे ठिपके हलत होते. ती गुडघ्यांवर बसली आणि तळहाताने पाणी गोळा करू लागली, पण पिल्लं इतकी नाजूक की हात लागला तरी संपत. तिने पाण्याचा पाइप सोडला, काहीतरी तरंगेल म्हणून, आणि त्या पाण्याने तर उरलेलीही वाहून गेली. थोड्या वेळाने फरशीवर काहीच हलत नव्हतं.

पोपटाने मारली नसती इतकी पिल्लं तिने एका झटक्यात मारली होती. हे तिला बसल्या जागी कळलं. राग ओसरायला हवा होता. तो ओसरला नाही. तो फक्त सगळीकडे पसरला, तिच्या स्वतःवरही.

"झालं समाधान?" पोपट म्हणाला.

तिने ओला हात उचलला. मारलाच असता. पण दारात वडील उभे होते, काठी टेकून, पायाशी पाणी. आणि त्यांच्या मागून भावजय आत आली. तिने फळीवरची खाद्याची बरणी उचलली आणि नवऱ्यासमोर धरली.

"हे मी रोज बनवते," ती म्हणाली. "पहाटे उठून बनवते. तुम्ही म्हणालात, त्या टबात टाकू नकोस, पाणी खराब होतं. मला कळत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे. मागच्या वेळीही मी बोलले होते, तुम्ही ऐकलं नाहीत, आणि ताई आल्यावर मी गप्प राहिले. तुमच्यासाठी गप्प राहिले. लोकांनी विचारलं तर मीही म्हणायचे, हो हो, नवीन जात आहे. माझी जीभ झिजली खोटं बोलून." तिचा आवाज मुळीच चढला नव्हता, आणि म्हणूनच पोपट मागे सरला. "आजपासून तुमच्या टबांना मी हात लावणार नाही. तुमचं तुम्ही बघा. खाद्य तुम्ही बनवा, पाणी तुम्ही बदला, पहाटे तुम्ही उठा."

वडील वाकून फरशीकडे बघत होते. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. "मुद्दाम?" त्यांनी एवढंच विचारलं. पोपट त्यांच्या बाजूने बाहेर निघून गेला. वडील उलट्या टबावर बसले. बहिणीला वाटत होतं, निदान आता तरी म्हणतील की तुझं खरं होतं. त्यांनी तसं कधीच म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरीणबाईंच्या घरी गेली. विकलेले मासे परत आणायचे असं तिने ठरवलं होतं, आणि पहिलं घर तेच. बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी लहान टाकी होती. मासा एका कोपऱ्यात, हवेच्या बुडबुड्यांजवळ थांबला होता.

"मी याला घेऊन जाते. त्याऐवजी चांगली जोडी देते," ती म्हणाली.

मास्तरीणबाईंनी तिला बसायला सांगितलं नाही. "म्हणजे हा चांगला नाही?"

"त्याला श्वासाला त्रास आहे. आमची चूक आहे."

"ते मी त्या दिवशी सभागृहात ऐकलं. घरी येऊन तुमच्यावर फार चिडले होते मी. भावावर नाही, तुमच्यावर. कारण विक्रीच्या टाकीवर तुमचं नाव वाचून मी घेतला होता. ते नाव तिथे लागेपर्यंत तुम्ही कुठे होतात?"

लेकीकडे होते, बाळ आजारी होतं, हे सगळं खरं होतं आणि तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

"आणि आता याला परत न्यायला आलात. एकदा दिलेलं मूल बदलून देतात का कोणी?" बाईंनी कपाटातून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला. "तो इथेच राहील. याला काय लागतं ते सांगा. नीट सांगा, मी लिहून घेत नाही, मला लक्षात राहतं."

मग तिने सांगितलं. पाणी कसं थंड आणि स्वच्छ ठेवायचं, हवा कशी वाढवायची, कल्ल्यावर पांढरं दिसलं तर डॉक्टरीणबाईंना लगेच कसं कळवायचं. निघताना बाईंनी चहा विचारला नाही. एका परक्या बाईने तिला फैलावर घेतलं होतं आणि एकही शब्द परतवता आला नव्हता. बाकीच्या घरांतही ती गेली. काहींनी मासे दिले, काहींचे मेले होते, काहींनी दार अर्धं उघडून सांगितलं की आम्हाला आवडतात, तुम्ही कोण सांगणार?

पोपटाला शेड एकट्याने झेपेना. पहाटे उठणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने काचवाल्याच्या दुकानात भागीदारी घेतली आणि गुलाबी गाल दुसऱ्या कुठल्याशा हॅचरीतून मागवायला लागला. तिथे म्हणे ते ढिगाने बनवतात. दुकानाच्या दर्शनी काचेत ते अजूनही आहेत, निळ्या दिव्याखाली, आणि त्यांच्यासमोर लोक अजूनही थांबतात. ती त्या रस्त्याने जात नाही. पुढच्या प्रदर्शनाला तिला परीक्षक म्हणून बोलावणं आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याबद्दल भांडून स्वतःचं नावही काढून घेतलं, तर काचवाल्याने दोन नवे परीक्षक शोधले. तेवढंच झालं.

पोपट घरी येतो, वडिलांशी बोलतो, बायकोशी जेवढ्यास तेवढं बोलतो. बहिणीशी नाही. तिने त्याला माफ केलेलं नाही, आणि त्याने माफी मागितलीही नाही.

शेड आता दोघी नणंदा-भावजया चालवतात. भावजयीने वाढवलेली पहिली पिल्लं मोठी झाली तेव्हा दोघी खिडकीशी बसून निवड करत होत्या. एक मासा नणंदेने बघितला आणि नापासांच्या टबाकडे नेला.

"का?" भावजयीने विचारलं.

"डावं झाकण बघ. कड वळलीय."

"बघू." भावजयीने बरणी घेतली, समोरून बघितलं, तिरकं बघितलं. "ताई, कुठे वळलीय? कल्ला पूर्ण झाकलाय."

"वळलीय म्हणते ना मी."

"तुम्ही हल्ली सगळेच काढताय. राग त्यांच्यावर काढू नका. मी पहाटे उठून वाढवलेत हे."

ओठांवर आलेलं नणंद बोलणारच होती. मग तिने बरणी हिसकावून घेतली आणि उजेडाकडे तोंड करून पुन्हा बघायला लागली. मासा काचेशी आला. तोंड उघडलं, मिटलं. सावकाश, एका लयीत. कड वळल्यासारखी वाटत होती आणि वाटत नव्हतीही.

"वेगळ्या टबात ठेव," ती अखेर घुश्शात म्हणाली. "थोडा वाढू दे. मग बघू."

"मग बघू," भावजय म्हणाली, आणि तिने जाळी पुढच्या माशासाठी पाण्यात घातली.